बृहन्नडेचा वर्ग

विराटनगरीच्या राजवाड्यात राजकन्या उत्तरा नृत्य शिकत होती. तिला शिकविणारी बृहन्नडा ना पुरुषांत गणली जाई, ना स्त्रियांत. उत्तरेला त्यात काही अडचण वाटली नाही. कौरवांनी गाई पळविल्या आणि बृहन्नडा राजपुत्राचे सारथ्य करण्यास निघाली, तेव्हा उत्तरेने तिच्याजवळ एवढेच मागितले, की परत येताना बाहुल्यांसाठी रंगीत, तलम वस्त्रे आण. राजा विराटाची दृष्टी मात्र निराळी होती. कंकाने विजयाचे श्रेय बृहन्नडेला देताच, आपल्या पुत्राची एका षंढाशी तुलना होते या संतापाने राजाने हातातील फासा कंकाच्या मुखावर फेकला. त्याच्या नाकातून रक्त वाहू लागले.

ही कथा मराठी मुले लहानपणीच ऐकतात. बृहन्नडेचे नाव निघाले, की वर्गात हशा पिकतो आणि पुष्कळदा शिक्षकही त्या हशात सामील होऊन पुढे जातात. वस्तुतः थांबावयाचे ते तेथेच. राजाला राग का आला आणि उत्तरेला काहीच का वाटले नाही, एवढे दोन प्रश्न विचारले, तरी एक तास अपुरा पडेल.

अर्थात, अर्जुनाचे ते रूप अज्ञातवासाबरोबर संपले. वर्गातील एखाद्या मुलाची गोष्ट तशी नसते. जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या कोणाला आपण मुलगी आहोत असे अंतर्यामी जाणवते. कोणाला याच्या उलट जाणवते. कोणाला हे दोन्ही शब्द अपुरे वाटतात. अशा व्यक्तींना मराठीत तृतीयपंथी किंवा पारलिंगी म्हणतात. हे सोंग नव्हे आणि वेडही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात ही गोष्ट मनोविकारांतून वगळली आहे. विज्ञानाच्या तासाला हे दोन वाक्यांत सांगता येते. ते कुजबुजत सांगण्याचे कारण नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन व न्या. सीकरी यांच्या खंडपीठाने तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून मान्यता देणारा निकाल दिला. त्याआधी २०११ च्या जनगणनेत प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ असा रकाना ठेवण्यात आला होता. त्यात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. देशाची साक्षरता त्या वेळी सुमारे ७३ टक्के होती. या रकान्यातील लोकांची जेमतेम ५६ टक्के. मधल्या सतरा टक्क्यांचा हिशेब शाळेच्या दारापाशीच लागतो. मुलांची रांग आणि मुलींची रांग वेगळी झाली, की एका मुलाचे पाय मध्येच घुटमळतात. मधल्या सुट्टीत कोणत्या स्वच्छतागृहात जावे हे न कळल्याने कोणी दिवसभर पाणीच पीत नाही. चालण्याची वा बोलण्याची नक्कल रोज होते आणि एके दिवशी हजेरीला उत्तर येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीवर आक्षेप निघाले आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून काढण्यात आली. कोवळ्या वयाची मुले अशाने गोंधळतील, ही पालकांची चिंता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. वयाचे भान हवेच. परंतु तिसरीच्या मुलाला शरीरशास्त्र सांगा, असे कोण म्हणतो? कोणाच्या चालीची नक्कल करू नये, कोणाला नको असलेल्या नावाने हाक मारू नये, एवढे त्याला पुरे. शरीर व मन यांची माहिती वरच्या इयत्तांत यावी. नक्कल चालू असता शिक्षक गप्प राहिले, तर तेही एक शिकविणेच असते आणि ते मुले फार लवकर शिकतात.

२०१६ च्या अखेरीस केरळातील कोची येथे ‘सहज’ नावाची शाळा निघाली. लहानपणी शिक्षण अर्धवट सुटलेल्या तृतीयपंथीयांकडून दहावी-बारावीची तयारी करून घेणे, हा तिचा हेतू होता. तिच्या बाकांवर बसावयाचे होते ते पंचविशी ओलांडलेल्या विद्यार्थ्यांनी.