आधी झाकणाची काळजी, मग गाळणीची

राजा, माशांच्या टाकीला घरीच कॅनिस्टर फिल्टर बनवतो म्हणालास, जरूर बनव. जर्मनीच्या एहाइम कंपनीने १९६० च्या दशकात तो बाजारात आणला, तेव्हापासून त्याच्या पोटातली रचना फारशी बदललेली नाही. टाकीतलं पाणी नळीने खालच्या बंद डब्यात उतरतं, स्पंज आणि कौलांच्या तुकड्यांतून वर चढतं आणि पंप ते परत टाकीत फेकतो. पाणी गाळलं जाईल की नाही, ही चिंता सोड. चिंता झाकणाची कर.

रंगाच्या बादलीचा डबा करणार होतास ना? मग हिशेब मांड. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून डब्याचं झाकण एक मीटर खाली असेल, तर झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा जोर येतो. ऐकायला काहीच नाही. पण २५ सेंटिमीटर रुंद झाकणाचं क्षेत्रफळ होतं ४९० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ५० किलो. सिमेंटची अख्खी गोणी आतून झाकण वर ढकलते आहे आणि ती रात्रंदिवस ढकलणार. बादलीचं टपकन बसणारं झाकण किती दिवस तग धरेल, तूच सांग.

म्हणून ६ इंची पीव्हीसी पाइप घे, दीड-दोन फूट. खाली एन्ड कॅप सोल्युशनने चिकटव आणि चोवीस तास हात लावू नकोस. वर रबर रिंगचं, आट्यांचं झाकण. इथे जोर सतरा-अठरा किलोवर येतो आणि आटे तेवढा सहज पेलतात. आत आठ-नऊ लिटर जागा मिळते, तुझ्या तीन फुटी टाकीला ती भरपूर झाली. रिंगला व्हॅसलिन चोपडू नकोस, त्याने रबर फुगून सैल पडतं. सिलिकॉन ग्रीस लाव.

नळीच्या जोडांसाठी ऑनलाइन काही मागवत बसू नकोस. चिखलीत ठिबकचं सामान मिळतं, त्यातलं १६ एमएमचं ग्रोमेट आणि टेक-ऑफ आण. गोल पीव्हीसी पाइपात बसावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. शेतात ते चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब सोसतं, आपल्याकडे त्याच्या पाव हिस्साही नाही. फक्त छिद्र ग्रोमेटच्या मापाच्या बिटानेच पाड. सळई तापवून पाडलेलं भोक लांबट होतं आणि मग रबर एका बाजूने हसतं. पाणी खालून आत घे आणि वरून बाहेर काढ, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि हवाही वरून निघून जाते. नळीही ठिबकचीच घे, काळी लॅटरल. दिसायला ओबडधोबड, पण तिच्यातून उजेड जात नाही, त्यामुळे आत शेवाळ धरत नाही. वळणावर मात्र ती मुडपते, तिथे एल्बो टाक.

पंप कुलरचा नको. तो उन्हाळ्यापुरता असतो, इथे चोवीस तास चालायचंय. शिवाय त्याच्या वायरीवर माझा भरवसा नाही. तुझी टाकी ३ बाय १ बाय दीड, म्हणजे साडेचार घनफूट; २८.३ ने गुणलंस की १२७ लिटर. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरायला हवं. चढ आणि स्पंज मिळून पंपाचा दम खातात, तेव्हा खोक्यावर हजार लिटर लिहिलेला घे. पंप डब्याच्या आत राहील, तेव्हा त्याची वायर झाकणातून ग्लँडने बाहेर काढ आणि सॉकेटच्या आधी ती खाली झोळ देऊन वर ने, म्हणजे ओघळ आलाच तर जमिनीवर टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

आत तळाला जाड स्पंज, त्यावर बारीक, त्यावर जुन्या कौलांचे किंवा भाजलेल्या विटेचे सुपारीएवढे तुकडे. सच्छिद्र भाजलेल्या मातीत जिवाणू घर करतात. संगमरवराची खडी टाकू नकोस, ती विरघळत पाण्यातले क्षार वाढवते. शंका आली तर दगडावर लिंबू पिळ. फेस आला की तो बाद.

क्षारांचं मी उगाच सांगत नाही. आपण घाटावरचे, घाटाखालच्या खारपाणपट्ट्याइतकं आपलं पाणी वाईट नाही, आणि लोणारच्या सरोवरासारखं तर नाहीच. तरी बोअरचं पाणी अल्कधर्मीच असतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. पीएच ७ चा ८ झाला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. त्या अमोनियाचा बंदोबस्त करणारे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच आणि खाणं चिमूटभर. कुणाच्या जुन्या निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला तर लाजू नकोस, मागून आण. पुढे स्पंज धुशील तोही टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धरलास तर क्लोरीन जिवाणूंना मारतं.

टाकीतून डब्यात येणाऱ्या नळीला टाकीतल्या पातळीच्या दोन इंच खाली बारीक छिद्र ठेव. कुठे जोड सुटलाच तर पातळी छिद्रापर्यंत उतरेल, हवा शिरेल आणि ओढ तुटेल. चौदा-पंधरा लिटरवर भागेल, नाहीतर ताई तुला टाकीसकट अंगणात काढेल. मे महिन्यात पाणी उडून पंप गुरगुरायला लागला, तर समज की छिद्र उघडं पडलंय, बादलीभर पाणी घाल. परतीच्या नळीचं तोंडही पृष्ठभाग हलेल असं ठेव. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच.

गळतीची परीक्षा पंप बंद ठेवून घे. पंप चालू असताना तो डब्यातलं पाणी ओढत असतो, म्हणून झाकणावरचा जोर जरा हलका असतो. पूर्ण जोर बंद असतानाच येतो. डब्याखाली कोरडा पेपर पसरून रात्रभर ठेव.

आणि भारनियमन. लाइट दोन-तीन तास गेली की बंद डब्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात, पाण्याला वास धरतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू होऊन ती घाण थेट माशांवर फेकतो. म्हणून लाइट गेली की आधी प्लग काढ. फार वेळ गेला असेल तर नळ्यांवर बसवलेले कॉक बंद कर, डबा उघड, ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओत, टाकीतलंच पाणी भर आणि मगच पंप लाव.