निरीक्षण पद्धती आणि निरीक्षकाची जबाबदारी
(सुरत परिसरातील अभ्यासांच्या आधारे)

मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रांमध्ये निरीक्षण ही सर्वांत जुनी आणि वरवर पाहता सर्वांत सोपी पद्धती होय. प्रयोगासाठी प्रयोगशाळा लागते, चाचणीसाठी प्रमाणित साधने लागतात. निरीक्षणाला मात्र डोळे, वही आणि वेळ एवढेच पुरे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज दोन बाबतींत अपुरा ठरतो. पाहणे आणि निरीक्षण करणे यांत शिस्तीचा फरक आहे, ही पहिली बाब. ज्याच्याकडे पाहिले जाते तो मनुष्य आहे आणि त्याच्याविषयी लिहिलेल्या नोंदीचे बरेवाईट परिणाम त्यालाच भोगावे लागतात, ही दुसरी बाब. समाजकल्याण, शिक्षण, आरोग्य आणि कामगार या क्षेत्रांतील कार्यकर्त्यांना पाहणीचे काम वारंवार करावे लागते. त्या दृष्टीने या दोन्ही बाबींचा विचार येथे केला आहे. उदाहरणे प्रामुख्याने सुरत शहर व जिल्हा यांतील आहेत. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशाशी जोडलेल्या या शहरात लिंबायत, उधना, पांडेसरा इत्यादी भागांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातील वाचकांनाही जवळचा आहे.

निरीक्षणाचे प्रकार

निरीक्षणाचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. वर्तन जेथे स्वाभाविकपणे घडते तेथेच, कोणताही हस्तक्षेप न करता ते नोंदविणे, हे नैसर्गिक निरीक्षण. काय नोंदवावयाचे याची वर्गवारी आधीच निश्चित करून ठराविक वेळी ठराविक अनुसूचीत नोंद करणे, हे संरचित निरीक्षण. निरीक्षकाने स्वतः त्या समूहात राहून, त्यांच्या दैनंदिन व्यवहारात भाग घेऊन माहिती मिळविणे, हे सहभागी निरीक्षण. पहिल्या प्रकारात स्वाभाविकता अधिक, दुसऱ्यात अचूकता अधिक, तर तिसऱ्यात अर्थबोध अधिक मिळतो. कोणता प्रकार निवडावा हे अभ्यासाच्या प्रश्नावर अवलंबून असते, अभ्यासकाच्या सोयीवर नव्हे.

संरचित निरीक्षणात नमुना निवडण्याच्या दोन रीती आहेत. ठराविक कालांतराने, उदाहरणार्थ दर मिनिटाच्या शेवटी, समोरची व्यक्ती काय करीत आहे ते टिपणे ही काल-नमुना रीत होय. एखादी विशिष्ट घटना, उदाहरणार्थ मुलांमधील भांडण, घडेल तेव्हा ती आरंभापासून अखेरपर्यंत नोंदविणे ही घटना-नमुना रीत होय. वारंवार घडणाऱ्या वर्तनास पहिली रीत उपयुक्त ठरते. क्वचित घडणारे वर्तन त्या रीतीने निसटून जाते. त्यासाठी दुसरी रीत वापरावी लागते.

नमुना केवळ काळाचा नसतो, जागेचाही असतो. सुरत येथील सामाजिक अध्ययन केंद्राची स्थापना १९६९ साली समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी केली. ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. शाळा, टपाल, एस. टी. बस यांसारख्या शासनाशी निगडित सार्वजनिक व्यवहारांत अस्पृश्यता बरीच ओसरलेली आहे. परंतु पाणवठा, मंदिर आणि घरातील प्रवेश या ठिकाणी ती मोठ्या प्रमाणावर टिकून आहे, असे त्या अभ्यासात दिसून आले. पद्धतीच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. केवळ शाळेच्या वर्गात उभा राहणारा निरीक्षक आणि केवळ विहिरीपाशी उभा राहणारा निरीक्षक हे दोघे एकाच गावाविषयी परस्परविरुद्ध अहवाल देतील, आणि दोघांच्याही नोंदी खऱ्या असतील. यास्तव कोठे उभे राहावयाचे याचा निर्णय आधी करून तो अहवालात स्पष्ट लिहिणे अगत्याचे असते.

विश्वसनीयतेची परीक्षा

एकाच दृश्याची दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेली नोंद कितपत जुळते, यावरून निरीक्षणाची विश्वसनीयता ठरते. केवळ शेकडेवारी पाहिल्यास येथे फसगत होते. समजा, एका यंत्रमाग कारखान्यात दोन निरीक्षकांनी एका कामगाराच्या १०० क्षणांची नोंद ‘काम’ व ‘विसावा’ अशा दोन सदरांत केली. ८० क्षणी दोघांनीही ‘काम’ लिहिले, ६ क्षणी दोघांनीही ‘विसावा’ लिहिला आणि १४ क्षणी मतभेद झाला. त्यांपैकी ७ वेळा एकाने व ७ वेळा दुसऱ्याने ‘काम’ लिहिले. एकमताचे प्रमाण ८६ टक्के आले. हा आकडा समाधानकारक वाटतो. परंतु दोघांचीही ‘काम’ लिहिण्याची वारंवारता ८७ आहे. केवळ योगायोगानेच त्यांचे किती जुळले असते याचा हिशेब केल्यास ०.८७ चा वर्ग अधिक ०.१३ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.७७ येतो. योगायोगाचा हा भाग वजा करून उरलेल्या शक्यतेशी तुलना केली असता गुणांक सुमारे ०.३८ एवढाच निघतो. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचविलेला हा ‘कप्पा’ गुणांक होय. जे वर्तन बहुतांश वेळ चालू असते, त्याच्या बाबतीत उच्च शेकडेवारीवर विसंबू नये, हा यातील बोध आहे. प्रस्तुत उदाहरणात ‘विसावा’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या पुन्हा करणे आवश्यक ठरेल. तुटलेला धागा जोडण्यासाठी माग थांबला, तर ते काम की विसावा? व्याख्येत हे स्पष्ट नसेल तर कामगारावर आळसाचा ठपका येऊ शकतो. येथे गणिताचा प्रश्न नीतीच्या प्रश्नास येऊन मिळतो.

दुसरी अडचण निरीक्षकाच्या उपस्थितीची आहे. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळताच मनुष्याचे वागणे बदलते. यावर उपाय म्हणजे सहवास. निरीक्षक रोज येऊ लागला, त्याचे नावीन्य ओसरले, की वर्तन पूर्ववत होऊ लागते. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या नोंदी निष्कर्षात न धरण्याचा प्रघात आहे.

अफवांचा अभ्यास आणि सुरतची साथ

काही वर्तने अशी असतात की ती घडण्याची वाट पाहता येत नाही. आपत्तीच्या काळातील अफवा हे त्याचे उदाहरण. या विषयात भारतीय मानसशास्त्रज्ञांचे कार्य पायाभूत आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटणा येथील जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा नोंदविल्या व १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. जेथे धक्का जाणवला परंतु हानी झाली नव्हती, तेथेही याहून मोठे संकट येणार अशा अफवा जोरात होत्या. पुढे १९५० साली दार्जिलिंग येथे दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष हानी झालेल्या भागाचा अभ्यास केला; तेथे अशा अतिरंजित अफवा तुलनेने फारशा आढळल्या नाहीत. अमेरिकेतील लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली मांडलेल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या उपपत्तीत या निरीक्षणांचा आधार घेतला. भीती मनात आहे, पण तिला कारण दिसत नाही. तेव्हा मन कारण निर्माण करते, असा त्याचा आशय.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यातून गाठीच्या प्लेगचे वृत्त आले होते. सुरतेत मृतांचा आकडा तोंडोतोंडी वाढत गेला, औषधांच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन संपले, आणि अल्पावधीत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. त्यांत खानदेशात परतणारी कुटुंबेही होती. सामाजिक अध्ययन केंद्रातील घनश्याम शाह यांनी या साथीचा व शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९९७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

अशा प्रसंगी निरीक्षकाची परीक्षा होते. लोक काय बोलतात हे नोंदविताना तीच वार्ता दुसऱ्या ठिकाणी ‘हे खरे काय?’ म्हणून विचारली, तर निरीक्षक स्वतःच अफवेचा वाहक बनतो. साथीच्या काळात एखाद्या गल्लीचे नाव अहवालात वा वृत्तपत्रात आले, की तेथील सर्व रहिवाशांना काम, घर व प्रवास यांत अडचणी सोसाव्या लागतात. सुरतेहून आलेला प्रवासी म्हणजे रोग घेऊन आलेला मनुष्य, अशी भावना त्या काळी अन्यत्र दिसून आली. यास्तव नाव गुप्त ठेवणे हे केवळ व्यक्तीपुरते नसून वस्तीलाही लागू आहे, हे ध्यानात घ्यावे.

ऊसतोड कामगारांचे निरीक्षण

सहभागी व दीर्घकालीन निरीक्षणाचे ठळक उदाहरण म्हणजे डच समाजशास्त्रज्ञ जान ब्रेमन यांचे दक्षिण गुजरातमधील कार्य. १९६२-६३ साली, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील दोन गावांत त्यांनी अनाविल जमीनदार व त्यांचे हाली म्हणजे बांधील शेतमजूर यांच्या संबंधांचा अभ्यास केला. ग्रंथात ही गावे ‘गंडेवीगाम’ व ‘चिखलीगाम’ या कल्पित नावांनी येतात. पुढील कित्येक दशके ते त्याच प्रदेशात पुनःपुन्हा येत राहिले. १९९६ च्या ग्रंथात त्यांनी सुरत व वलसाड जिल्ह्यांतील असंघटित मजुरांचे जीवन विस्ताराने मांडले.

१९७० नंतरच्या दशकात त्यांनी बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडीकडे लक्ष वळविले आणि १९७८ साली त्यावर लेखन प्रसिद्ध केले. हे तोडणी कामगार प्रामुख्याने खानदेशातून येणारे होते. मुकादमाकडून उचल घेऊन हंगामापूर्वी निघावयाचे, शेताच्या कडेला कोप्या घालून राहावयाचे, पुरुषाने ऊस तोडावयाचा, स्त्रीने व मुलांनी पाचट काढून मोळ्या बांधावयाच्या, अशी ही कामाची रीत. कामाच्या या घटकालाच ‘कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना पडावे, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते. आणि ती कारखान्याच्या दप्तरात नव्हे, तर शेताच्या बांधावर ऐकू येते. मजुरीचा हिशेब हंगामाच्या अखेरीस होतो, मधल्या काळात खावटी मिळते व ती शेवटी वजा होते. हजेरीपटावर एक ‘कोयता’ दिसतो. प्रत्यक्ष निरीक्षणात त्यामागे स्त्री आणि मूल दिसते. कागदपत्रांच्या तुलनेत निरीक्षणाचे बळ ते हेच.

परंतु याच उदाहरणात निरीक्षणाचा धोकाही दिसून येतो. कामगार मुकादमाच्या उचलीने बांधलेला असतो. एखाद्या स्त्रीने खावटीविषयी तक्रार सांगितली आणि ती कोणत्या टोळीतील हे नोंदीवरून ओळखू आले, तर पुढील हंगामात त्या कुटुंबाला काम मिळेलच असे नाही. अभ्यासक अहवाल लिहून निघून जातो. ती मात्र तेथेच राहते. शिवाय मुकादमाने दिलेली परवानगी म्हणजे कामगारांची संमती नव्हे. शाळेत मुख्याध्यापकांची, कारखान्यात मालकाची, रुग्णालयात अधीक्षकांची अनुज्ञा हे केवळ प्रवेशपत्र असते. संमती प्रत्येकाची वेगळी, त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावयाची असते. आणि अहिराणी वा भिली बोलणाऱ्या मजुराला छापील मराठी किंवा गुजराती पत्रक वाचून दाखविणे पुरेसे होत नाही. नकार दिल्यास काम जाणार नाही ही खात्री ज्याला नाही, त्याच्या होकाराला फारसा अर्थ उरत नाही.

गुप्त निरीक्षणाचा प्रश्न

निरीक्षणाची कल्पना दिल्यास वर्तन बदलते, म्हणून ते गुप्तपणे करावे काय, हा जुना वाद आहे. जगबुडीची तारीख २१ डिसेंबर १९५४ अशी सांगणाऱ्या अमेरिकेतील एका लहान पंथात फेस्टिंजर व त्यांचे सहकारी श्रद्धाळू म्हणून दाखल झाले. त्यावरील ग्रंथ १९५६ साली निघाला. त्यांच्या निरीक्षकांनी प्रवेशासाठी बनावट अनुभव सांगितले, आणि नवे अनुयायी आपोआप येत आहेत असे वाटून पंथीयांची श्रद्धा दृढ झाली. म्हणजे फसवणुकीमुळे नीतीची हानी झालीच, शिवाय ज्या वर्तनाचे निरीक्षण करावयाचे तेच निरीक्षकांनी बदलून टाकले. गुप्ततेने शुद्ध माहिती मिळते, हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा ठरतो.

भारतात या संबंधी मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत. मुंबई येथील ‘सेहत’ या संस्थेने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे प्रसिद्ध केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची सध्याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ सालची असून सामाजिक व वर्तनविषयक आरोग्य संशोधनाचाही त्यांत विचार केलेला आहे. विशिष्ट परिस्थितीत संमतीची अट शिथिल होऊ शकते. मात्र तो निर्णय नीती समितीचा असतो, संशोधकाचा नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, हेही लक्षात ठेवणे इष्ट होय.

निरीक्षकाने पाळावयाची पथ्ये

उपरोक्त विवेचनावरून पुढील पथ्ये निघतात.

१. काय, कोठे, केव्हा पाहावयाचे याची व्याख्या आधी लिहावी. आणि दोन निरीक्षकांच्या नोंदी योगायोग वजा करून ताडून पाहाव्यात.

२. दिसले ते आणि वाटले ते वेगळ्या रकान्यांत लिहावे. ‘मजूर दहा मिनिटे बसला’ ही नोंद होय. ‘मजूर आळशी आहे’ हे मत होय.

३. नावे व ओळखीच्या खुणा नोंदवहीत सांकेतिक असाव्यात. संकेतांची यादी वेगळ्या जागी कुलूपबंद ठेवावी. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र हीसुद्धा नोंदच आहे आणि ते वहीपेक्षा लवकर पसरते.

४. मुलाच्या जीवितास धोका अथवा गंभीर अत्याचार दृष्टीस पडल्यास काय करावयाचे, हे पाहणीपूर्वीच ठरवावे आणि संमती घेताना ते सांगावे. अशा वेळी तटस्थता हे कर्तव्य राहत नाही.

५. निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ते त्यांच्या भाषेत ऐकवावेत. अनेकदा नोंदीतील चूक तेच दाखवून देतात.

शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत आणखी एक मर्यादा संभवते. त्याच्या हातातील वही पाहून समोरच्या माणसाला शिधापत्रिका, अनुदान किंवा चौकशी आठवते, आणि तो त्याप्रमाणे उत्तर देतो. ही मर्यादा पूर्णपणे टाळता येत नाही. परंतु पाहणीचा हेतू काय, तिच्यापासून लाभ व हानी काय, आणि नकार दिल्यास काहीही बिघडणार नाही, हे प्रारंभीच स्वच्छ सांगितल्यास ती पुष्कळ कमी होते. ज्या नोंदीवरून उद्या योजना आखली जाईल, ती भीतीने दिलेल्या उत्तरांवर उभी राहू नये, एवढी काळजी निरीक्षकाने घेतली पाहिजे.