खाट रिकामी नाही!

मुलांनो, ‘हक्क’ हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत तुम्ही ‘हक’ म्हणता, तोच मराठीत ‘हक्क’ झाला. दया आणि हक्क यांत मोठा फरक आहे. दया कोणी करील, कोणी करणार नाही. हक्क मात्र नाकारता येत नाही. मग आजारी माणसाला मिळणारा औषधोपचार ही दया की त्याचा हक्क? एका खऱ्या घटनेवरून आपण याचा विचार करू.

८ जुलै १९९२ चा दिवस. पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर आगगाडीतून पडला. त्याच्या डोक्याला जबर मार लागला. त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेले, पण तेथे पुरेशी सोय नव्हती. मग एकामागून एक सरकारी रुग्णालयांत त्याला फिरवावे लागले. कोठे उपचाराची साधने नव्हती, तर कोठे उत्तर मिळाले, “खाट रिकामी नाही.” शेवटी त्याला कलकत्त्याच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. त्याचे प्राण वाचले. पण खर्च आला सुमारे १७,००० रुपये! रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाने एवढी रक्कम कोठून आणावी?

तो शेतमजूर आणि त्याची संघटना गप्प बसली नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. भारतीय संविधानाच्या कलम २१ ने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे हा हक्क मोडणे होय, असे न्यायालयाने सांगितले. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली. पैसा कमी आहे, ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

तुम्ही विचाराल, “नुसता हक्क दिल्याने डॉक्टर आणि औषधे येतील का?” प्रश्न योग्य आहे. हक्क कागदावर लिहिला, की लगेच रुग्णालय उभे राहत नाही. पण शिक्षणाचे पाहा. सगळीकडे पुरेशा शाळा होईपर्यंत देश थांबला नाही. २००२ मध्ये घटनादुरुस्ती करून ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरवले गेले. हक्क असला, की मागणी करता येते आणि जाब विचारता येतो. त्या निकालातही न्यायालयाने तेच केले. आरोग्य केंद्रांत सोयी वाढवा, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे आधीच कळेल अशी व्यवस्था करा, असे त्याने सुचवले.

मुलांनो, हक्काबरोबर कर्तव्यही येते. रस्त्यात कोणी जखमी दिसला, तर तोंड फिरवून जाऊ नका. मोठ्यांना बोलवा, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवा. त्याची जात, धर्म, भाषा विचारू नका. जगण्याचा हक्क जितका तुमचा, तितकाच त्याचाही आहे.

शब्दार्थ : दाद मागणे – न्याय मागणे, सबब – कारण, बहाणा, जाब विचारणे – जबाबदार धरून उत्तर मागणे.

स्वाध्याय
१. शेतमजुराला सरकारी रुग्णालयांत उपचार का मिळाले नाहीत?
२. दया आणि हक्क यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘दवाखाना’, ‘इलाज’ यांसारखे उर्दू व मराठीत सारखे असलेले पाच शब्द शोधा.