जमणार नाही म्हणण्याआधी

अगं, ऑक्टोबरात कुणाचीच धाव चांगली होत नाही, हे आधी नीट ऐकून घे. बाकीचं मग बोलू.

काल रात्री तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, की पायांपेक्षा मन जास्त दुखावलंय. २८ किलोमीटर ठरवले होतेस, २१ झाल्यावर गांधारी पुलाजवळ बसलीस आणि रिक्षाने घरी आलीस. "ताई, ऑगस्टमध्ये मी उडत होते गं. दोनच महिन्यांत काय झालं? मीच ढिली पडले. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जमणार नाही."

तू ढिली पडली नाहीस. या दोन महिन्यांत काय काय झालं ते तुझ्याच फोनवरच्या गप्पांतून मला ठाऊक आहे, आणि त्यातली एकेक गोष्ट तुझ्यासमोर ठेवणार आहे. धाव बिघडली की आपण बायका पहिल्यांदा स्वतःच्या स्वभावाला दोष देतो. आळशी आहे, जिद्द कमी पडते, माझ्यात ती गोष्टच नाही. त्याऐवजी कारण शोधायचं. बहुतेक वेळा ते सापडतं आणि त्यावर उपायही असतो.

पहिलं कारण तर डोक्यावरच आहे. यंदा ठाण्याची वर्षा मॅरेथॉन मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा झाली, तिथे तू धावलीस तेव्हा अंगावर पाऊस होता. पावसात शरीराची उष्णता सहज निघून जाते. आता पाऊस गेलाय, पण खाडीची दमट हवा आहे तशीच आहे, आणि सकाळीच ऊन चटका देऊ लागतं. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. मग हृदयाला दोन कामं पडतात, पायांना रक्त पुरवायचं आणि अंग गार ठेवायला कातडीकडेही पाठवायचं. ऑगस्टचाच वेग ऑक्टोबरात धरलास तर ठोके वाढणारच. शरीर उकाड्याशी जुळवून घेतं, त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट जास्त लागलं तर लागू दे. लाँग रनमध्ये शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटतोय, म्हणजे वेग जास्त आहे. घड्याळ काय म्हणतं ते त्या दिवशी बघूच नकोस.

दुसरं कारण मी तुला तेव्हाच बोलले होते, पण तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस. नवरात्राचे नऊही दिवस उपास केलास आणि त्यातच दर आठवड्याला अंतर वाढवत राहिलीस. १८, २०, २२, २४, मध्ये एकही हलका आठवडा नाही. तुझी श्रद्धा मला माहीत आहे, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण साबुदाणा आणि वऱ्याच्या तांदळावर एवढी धाव म्हणजे शरीराकडून उसनं घेणं आहे. ते उसनं काल गांधारी पुलाजवळ फेडावं लागलं. तीन आठवडे वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात अंतर तिसऱ्या हिश्श्याने खाली आणायचं, असं अनुभवी धावपटू करतात. पाय बळकट होतात ते त्या विश्रांतीत. लोणचं मुरायला दिवस लागतात, रोज झाकण उघडून पाहिलं म्हणून ते लवकर मुरत नाही.

आता खाण्याचं. हे मला तुझ्याशी सविस्तर बोलायचंच होतं, कारण आपल्या घरांत सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर बाईच्या ताटात काय उरतं ते दोघींनाही माहीत आहे. धावताना शरीर मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जाळतं. हा साठा साधारण दीड ते दोन हजार कॅलरींचा. धावायला किलोला किलोमीटरमागे सुमारे एक कॅलरी लागते, म्हणजे तुझं वजन ५५ धरलं तर पूर्ण ४२.१९५ किलोमीटरला तेवीसशेच्या आसपास. चरबीही जळते, पण सावकाश. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पाय एकदम शिशाचे होतात. त्याला धावणारे 'भिंत' म्हणतात. ती भिंत मनाच्या जोरावर फोडायची नसते गं, ती पुढे ढकलायची असते, खाऊन. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. जेल महाग वाटतात तर खजूर घे, राजगिऱ्याची चिक्की घे, केळं घे. बाटलीत लिंबू-मीठ-साखर. पण जे शर्यतीच्या दिवशी खाणार तेच आत्तापासून लाँग रनमध्ये खाऊन बघ, पोटालाही सराव लागतो. आणि नुसतं पाणी घटाघटा पीत राहू नकोस. चार-पाच तास फक्त पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं पी, त्यात मीठ असू दे.

आणि रक्त तपासून घे. दिवाळीच्या आत. हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये. जिना चढताना दम लागतो, केस गळताहेत, थंडी वाजल्यासारखं होतं, हे तू मला गेल्या महिन्यात वेगवेगळ्या फोनवर सांगितलंस आणि प्रत्येक वेळी "दगदग असेल" म्हणालीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे तुझ्या लेडीज डब्यात उभ्या असलेल्या निम्म्याहून जास्त. त्यात तुझी पाळी जड, वर आठवड्याला पन्नास किलोमीटर. हिमोग्लोबिनवर थांबू नकोस, फेरिटिनही कर. लोहाचा साठा संपत आलेला असतानाही हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं. गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच आणि तशाच घे. आपल्या हातातलं एवढंच, की जेवणाबरोबरचा चहा बंद कर, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. पालेभाजीवर लिंबू पिळ. थंडी पडली की आईच्या हातचे अळिवाचे लाडू मी पाठवतेच आहे.

झोपेचं काय? बाराला आडवी होतेस, चारला उठतेस, सातची लोकल, दीड तास उभ्याने. आता त्यात चकल्या आणि करंज्या. तुला वाटतं धावायचा वेळ स्वतःच्या झोपेतून काढला तर कुणाला त्रास होत नाही. तुला होतो. सासूबाई तशा मायाळू आहेत, मी पाहिलंय. त्यांना आणि भावोजींना समोर बसवून सांग, की १८ जानेवारीपर्यंत शनिवारी रात्री दहाला माझे दिवे बंद, आणि रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे नाही. दबकत, माफी मागितल्यासारखं नको, स्पष्ट सांग. तू घरासाठी इतकी वर्षं पहाटे उठतेस, आता तीन महिने घराने तुझ्यासाठी थोडं उठावं. यंदा चकल्या विकतच्या आणल्या तर लक्ष्मी रुसणार नाही.

दुखण्याचं मात्र थोडक्यात सांगते. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्या ठणकत असतील, तर ती थकावट, दोन दिवसांत जाते. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर, रात्री अंथरुणातही ठसठसत असेल किंवा त्यामुळे चाल बदलत असेल, तर त्या दिवसापासून धाव बंद आणि हाडाचे डॉक्टर. हाडाला बारीक चीर असू शकते. बुटांनी पाचशे-आठशे किलोमीटर पाहिले असतील तर ते आता बाजारात जायला ठेव, नवे महिनाभर आधी घेऊन मळव.

इमारतीतल्या काकू म्हणाल्या ना, एवढं धावलं की बाईचं गर्भाशय खाली येतं? त्यांच्यावर चिडू नकोस. जगभर हेच सांगितलं जायचं. १९६७ साली कॅथरीन स्वित्झर बॉस्टन मॅरेथॉनमध्ये क्रमांक लावून धावत होती, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिला बाहेर खेचायचा प्रयत्न केला. तिने शर्यत पूर्ण केली. तरी ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. आणि आपल्याकडे बघ, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३, २०१४ अशी तीनदा पहिली आली, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. काकूंना हे शांतपणे सांग.

तू लता करे यांचं नाव घेतलंस, म्हणालीस, त्या साठी ओलांडल्यावर अनवाणी धावल्या आणि मी एवढे महागडे बूट घालून बसकण मारते. अगं, बारामतीला २०१३ मध्ये त्या नऊवारीत धावल्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते आणि बक्षिसाशिवाय दुसरी वाट नव्हती. शर्यत ज्येष्ठांची, तीन किलोमीटरची. त्यांच्या हिमतीपुढे मी हात जोडते. पण त्यांच्यावर आलेली वेळ हा आपल्यासाठी मापदंड नाही. त्यांना पर्याय नव्हता म्हणून त्यांनी शरीर पणाला लावलं. तुला पर्याय आहे, बूट आहेत, लॅब आहे, बसवून खाऊ घालणारी बहीण आहे. हे सगळं वापरलंस तर तू कमी जिद्दीची ठरत नाहीस.

तसंच तुझ्या धावण्याच्या ग्रुपचं. रोज सकाळी कुणी उपवन ते येऊर चढून आलेलं असतं, कुणी घोडबंदर रोडवर तीस मारलेले असतात. लोक फोटो टाकतात ते चांगल्या दिवसाचे. अर्ध्यातून रिक्षाने परत आलेल्या दिवसाचा फोटो कुणी टाकत नाही, आणि विश्वास ठेव, तसे दिवस त्या प्रत्येकाचे असतात. आठवडाभर तो ग्रुप म्यूट कर.

येऊरचा चढ मात्र तुला लागणार आहे. मुंबईच्या शर्यतीत आजवर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना येत आलाय, त्याची सवय हवी. पण एकटी जाऊ नकोस आणि उजाडण्याआधी तर नकोच, ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचं घर. दोघी-तिघींनी मिळून उजेडात जा. माझ्याकडे डोंबिवलीला आलीस तर ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता आहे, सावळाराम क्रीडासंकुल आहे. एमआयडीसीच्या बाजूला मात्र हवेला आंबूस वास असेल तेव्हा जोरात धावायचं नाही. २०२० मध्ये तिथला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, आठवतं ना? जिथे रस्त्याला असा रंग चढतो तिथली हवा छातीत खोल ओढायची नाही. अशा दिवशी कल्याणलाच काळ्या तलावाभोवती हलक्या फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

जमेल का, असं विचारलंस. मला वाटतं जमेल. पण रक्ताचा रिपोर्ट वाईट आला, तर मी स्वतः तुला यंदा थांबायला सांगेन, आणि तेव्हा वाद घालू नकोस. मुंबईची शर्यत साधारणपणे जानेवारीत तिसऱ्या रविवारी असते. २००४ पासून आहे, कुठे जात नाही. मला तुझं पदक नंतर बघायचंय, आधी तुझ्या डोळ्यांखालचा फिकेपणा गेलेला बघायचाय.

रिपोर्ट बरा आला तर हिशोब सोपा आहे. दिवाळीचा आठवडा हलका. फटाक्यांच्या धुरात तसंही धावायचं नाही, दोन-तीनदा अर्धा तास चाल, बाकी झोप. दिवाळीनंतर बारा आठवडे उरतात. थंडी पडली की हाच वेग तुला सोपा वाटेल, नोव्हेंबरच्या शेवटी मला फोन करून सांगशील. डिसेंबर संपायच्या आत एकदा तीस-बत्तीस, मग शेवटचे दोन-तीन आठवडे उतरता सराव. त्या आठवड्यांत पाय शिवशिवतील, नसलेली दुखणी जाणवतील, तेव्हा माझ्याशी भांडलीस तरी चालेल, जास्त धावायचं नाही. गेली काही वर्षं मध्य रेल्वे शर्यतीच्या पहाटे तीनच्या सुमारास कल्याणहून सीएसएमटीला खास लोकल सोडते, यंदाचं वेळापत्रक आलं की बघू. तू कल्याणला चढ, मी डोंबिवलीला चढते.

आता उद्याचं. उपाशीपोटी लॅबमध्ये जा, आणि रिपोर्ट आला की आधी मला पाठव. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर ये, नवी साडी नेस, आपण नुसत्या फिरू. आणि २६ तारखेच्या रविवारी साडेपाचला नव्वद फुटी रस्त्यावर. १६ किलोमीटर, गप्पा मारत. घड्याळ घरी ठेवून ये. मी सायकल आणि चिक्की घेऊन येते.