पडद्यावर जा, पण अभ्यासासकट

वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करून टीव्हीवर हवामानच सांगायचं होतं, तर एवढं शिकलीस कशाला, असं घरीदारी ऐकावं लागतंय ना तुला? मन खट्टू करून घेऊ नकोस गं. तुला जून बेकन-बर्सीबद्दल सांगते.

कॅन्ससमधल्या विचिटाची ही कृष्णवर्णीय मुलगी. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसला हवामानशास्त्र शिकायला गेली, तर सल्लागारांनी सुचवलं, गृहविज्ञान घे. तिने ऐकलं नाही. पुढे अणुऊर्जा आयोगात तिने अणुस्फोटानंतरची किरणोत्सारी धूळ हवेत कशी पसरते याचा अभ्यास केला. बफेलोच्या वाहिनीत आली तीही विज्ञान वार्ताहर म्हणून. तेव्हा हवामान सांगायला बायका ठेवत त्या शोभेला, आणि तिला शोभेची बाहुली व्हायचं नव्हतं. मग तिथला हवामान निवेदक बँक लुटल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि ऐनवेळी तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तिने सांगितलेली उष्णतेची लाट खरोखर आली! ती मुख्य हवामानतज्ज्ञ झाली. १९७२ साली अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीचं टीव्ही निवेदनासाठीचं मान्यताचिन्ह मिळवणारी ती पहिली स्त्री.

मला तिचं सर्वांत काय भावतं, सांगू? १९७७ साली टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजूषेत तिने ६४ हजार डॉलर जिंकले (विषय होता संगीतकार जॉन फिलिप सूसा!) आणि त्या पैशांतून हवामानशास्त्र शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली.

तेव्हा तू खुशाल जा पडद्यावर. पण नकाशे स्वतः वाचायचं सोडू नकोस. स्टुडिओत तुझ्या मागे नुसता हिरवा पडदा असतो, नकाशा दिसतो बाजूच्या मॉनिटरवर. कमी दाबाचा पट्टा कुठे आहे हे डोक्यात पक्कं असेल, तरच हात नेमका तिथे जाईल. कुणी भडक मथळा हातात ठेवला, तर यलो अलर्टचा रेड अलर्ट करू देऊ नकोस. पेरणीसाठी खोळंबलेला माणूस ऐकत असतो गं. अंदाजाची खात्री कमी असेल, तर तेही सांग. आणि ते ठामपणे सांगायचं बळ येतं ते आकडे स्वतः तपासलेले असले की.

पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) पीएच.डी.साठी अर्ज करणार होतीस ना? वाहिनीचं बोलावणं आलं म्हणून तो मागे टाकू नकोस.