नमुना तयार झाला, पुढे काय?

'थ्री इडियट्स' हा २००९ सालचा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर तरी पाहिला असेल. त्यात कॅमेरा लावलेले, चार पंख्यांचे एक लहानसे यंत्र वसतिगृहाबाहेर उडते. ती कॅमेऱ्याची करामत नव्हती, ते यंत्र खरोखर उडणारे होते. मुंबईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' नावाची छोटी कंपनी काढली, तिनेच ते तयार केले होते. पुढे डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेबरोबर याच कंपनीने 'नेत्र' हे वैमानिकाविना उडणारे छोटे विमान बनवले. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा अडकलेल्या माणसांच्या शोधासाठी त्याचा उपयोग झाला. पोलीस व निमलष्करी दलांनीही अशी विमाने घेतली. आणि जानेवारी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने कंपनीच्या 'स्विच' या विमानाच्या उंच प्रदेशात उडणाऱ्या प्रकारासाठी सुमारे २ कोटी डॉलरची ऑर्डर दिली.

आता वर्षे मोजा. २००७ ते २०२१ म्हणजे चौदा वर्षे. तेवढ्या काळात बालवर्गातले मूल बारावी होऊन बाहेर पडते. हुशार मुलांनी काढलेल्या कंपनीलाही सैन्याच्या मोठ्या ऑर्डरपर्यंत पोहोचायला एवढा काळ का लागावा, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिले कारण विज्ञानाचे आहे. बाजारात मिळणारे खेळण्यातले ड्रोन आपल्या शाळेच्या मैदानावर छान उडते. तेच लडाखच्या बाजूला पाच हजार मीटर उंचीवर न्या. तिथे हवेची घनता (आम्ही कॉलेजात जिला हिंदीत 'घनत्व' म्हणत असू) समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते. पंखा जी उचल देतो ती हवेच्या घनतेच्या आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तेवढेच वजन उचलायचे तर वेगाचा वर्ग १ भागिले ०.६, अर्थात १.६७ पट व्हायला हवा. त्याचे वर्गमूळ काढले की १.२९ येते. पंखे जवळजवळ तीस टक्के अधिक वेगाने फिरले पाहिजेत, आणि मोटरला शक्तीही तितकीच अधिक लागते. इकडे थंडीत बॅटरी मात्र नेहमीपेक्षा कमी काम देते. गरज वाढली आणि शिदोरी घटली, असा हा प्रकार. 'स्विच' हे विमान उभे वर चढते आणि मग पंखांवर तरंगत पुढे जाते, त्यामुळे उडताना वजन पेलण्याचे काम पंख करतात आणि बॅटरी वाचते. ही युक्ती कागदावर सोपी दिसते, पण दोन्ही प्रकारचे उड्डाण एकाच यंत्रात बसवणे फार जिकिरीचे असते.

शिवाय धूळ, पाऊस, ट्रकमधले धक्के, आणि शत्रूने रेडिओ लहरींत घातलेला गोंधळ. या सगळ्याच्या चाचण्या होतात. चाचणीत यंत्र मोडू शकते, बदल करून पुन्हा आणावे लागते. मोठ्या कंपनीला दहा यंत्रे मोडली तरी फरक पडत नाही. बारा माणसांच्या कारखान्यात एक मोडले तरी त्या महिन्याच्या पगाराची चिंता सुरू होते.

दुसरे कारण पैशाचे, आणि आमच्या मते हेच अधिक मोठे. पीथमपूर किंवा सांवेर रोडवर ज्या पालकांचे लहान कारखाने आहेत त्यांना ते सांगायला नको. नमुना पसंत पडला म्हणजे ऑर्डर मिळाली असे होत नाही, आणि ऑर्डर मिळाली म्हणजे बिल पास झाले असेही नाही. या मधल्या काळाला अमेरिकेत 'मृत्यूची दरी' म्हणतात. नाव जरा भडक आहे, पण चुकीचे नाही.

या दरीवर पूल बांधण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतच झाला. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनमधील रोलंड टिबेट्स यांनी १९७७ साली लहान कंपन्यांना संशोधनासाठी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची योजना सुरू केली. ती यशस्वी झाल्यावर १९८२ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा पाचशेपर्यंत नोकर असलेल्या कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असा नियम झाला. सुरुवातीला हा हिस्सा ०.२ टक्के होता, २०१७ पर्यंत तो ३.२ टक्क्यांवर गेला. यात सर्वांत मोठा वाटा संरक्षण खात्याचा होता.

योजनेच्या तीन पायऱ्या ठरवल्या गेल्या. पहिलीत थोडे पैसे आणि साधारण सहा महिने. कल्पना मुळात जमते का एवढेच पाहायचे. दुसरीत सुमारे दोन वर्षे आणि नमुना तयार करण्याइतके पैसे. तिसरीत योजनेचे पैसे नाहीत, तिथे खऱ्या गिऱ्हाइकाने विकत घ्यायचे. पहिली पायरी आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिथे कल्पना फसली तरी नुकसान थोडे होते आणि ते लवकर कळते. अडचण तिसरीत आली. दुसरी पायरी चढलेल्या कित्येक कंपन्यांना गिऱ्हाईक भेटलेच नाही, आणि काहींनी तर विक्रीचा नाद सोडून एकामागून एक अनुदाने मिळवण्याचाच धंदा केला. सरकारी पैशाची ही खोड सगळीकडे सारखीच दिसते.

आपल्याकडे अशीच योजना एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या संरक्षण प्रदर्शनात पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. तिचे नाव 'आयडेक्स'. सैन्याची तिन्ही दले आपली अडचण लिहून देतात आणि लहान उद्योग, नवी कंपनी किंवा एकटा संशोधकसुद्धा तिचे उत्तर मांडू शकतो. निवड झाली तर दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते. एक टप्पा पुरा झाला की पुढचा हप्ता, आणि स्वतःचाही वाटा घालावा लागतो. मोठ्या कामांसाठी २०२२ साली ही मर्यादा १० कोटी झाली आणि २०२४ च्या 'अदिती' योजनेत २५ कोटी. अडचण सैन्यानेच लिहून द्यावी, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. आपले महू इथून पंचवीस किलोमीटरही नाही. इन्फन्ट्री स्कूल आणि सैन्याचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय तिथेच आहे. शिपायाच्या पाठीवरचे ओझे किती, हे शिपायालाच विचारावे.

काही पालक, विशेषतः माता, विचारतील की मुलांना शस्त्रे बनवायला शिकवायचे का? प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. 'नेत्र' पुरातली माणसे शोधते आणि सीमेवर शत्रूही शोधते. यंत्र तेच असते. आम्ही शाळेत मोटर, बॅटरी आणि घनता शिकवतो. यंत्र कोणत्या कामाला लावावे, हे पुढे त्या मुलांना स्वतःच ठरवावे लागेल, आणि त्याची चर्चा घरी जेवताना झाली तर बरे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढील दोन गणिते सोडवून शनिवारपर्यंत विज्ञानाच्या बाईंकडे द्यावीत.

१) तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्के असते. तेवढेच वजन उचलण्यासाठी पंख्यांचा वेग किती पट करावा लागेल?

२) एका कारखान्यात बारा माणसे आहेत. दरमहा खर्च ६ लाख रुपये, गंगाजळी ३० लाख. नमुना पसंत पडला आहे, पण ऑर्डरचे पैसे अठरा महिन्यांनी हाती येतील. किती रक्कम कमी पडते? ती कोठून आणाल, हे घरी विचारून लिहा.