औपम्य आणि निदान : नाडीच्या प्राणिगतींचा अर्थ

राधानगरीचे अभयारण्य 1958 साली गव्यांसाठी घोषित झाले. ज्याने गवा पाहिलेला नाही त्याने तो कसा ओळखावा? नैयायिकांचे उत्तर प्रसिद्ध आहे : रानात गाईसारखा दिसणारा पशू तो गवय. (गवय म्हणजे गवाच काय, याविषयी मतभेद आहेत, तथापि लोक ज्यास गवारेडा म्हणतात त्यास प्राणिशास्त्रही रेड्यापेक्षा गाईच्याच जवळ ठेवते.) या ज्ञानसाधनास ते उपमान म्हणतात. चरकाचार्यांनी विमानस्थानात हेच औपम्य या नावाने सांगून दंडावरून दंडक व धनुष्यावरून धनुःस्तंभ या व्याधी ओळखाव्यात, असे म्हटले आहे. तेव्हा ग्रंथातील उपमा शोभेसाठी आहे असे समजून पुढे जाणे वैद्यास परवडणारे नाही.

उपमेत साधारण धर्म कोणता, हे प्रथम पाहावे. चरक-सुश्रुतांत नसलेली नाडीपरीक्षा शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात येते. तेथे वातप्रकोपात जळू व सर्प, पित्तप्रकोपात कुलिंग, कावळा व बेडूक, कफप्रकोपात हंस व पारवा यांची गती सांगितली आहे; सन्निपातात लावा, तित्तिर व वर्तिका. तुलना गतीशी आहे, प्राण्याशी नव्हे. जळू पुढचे तोंड टेकवून मागचे अंग ओढून घेते, त्यामुळे मध्ये कमान होते. सर्प आडव्या वळणांनी सरकतो. रीती दोन, पण सरळपणा दोहोंतही नाही, आणि बोटाखाली शोधावयाचा तो हा वक्रपणा. बेडूक स्थिर बसतो व एकाएकी उसळतो. पित्ताच्या नाडीत ती उसळी पाहावी. हंस-पारव्यांचे चालणे मंद व डौलदार. श्लोक मुखोद्गत असून ज्याने जळू चालताना पाहिलेली नाही, तो रुग्णाच्या मनगटात काय शोधणार? पावसाळ्यात दाजीपूरच्या रानवाटेवर ती आपण होऊन पायाशी येते. विद्यार्थ्यांना एकदा तिकडे न्यावे.

औषधिनामांत मात्र साधारण धर्म दर वेळी बदलतो. अश्वगंधेत तो गंधाचा आहे; मूळ जुने झाले की गंध उणावतो, म्हणून केवळ वासावर माल घेऊ नये. मूषकपर्णी, म्हणजेच उंदीरकानी, हिच्यात पानाचा आकार. कपिकच्छूत शेंगेवरील कुसांनी उठणारी खाज. मंडूकपर्णीचे नाव पानावरून आले, परंतु बाजारात ती पुष्कळदा ब्राह्मी म्हणूनच विकली जाते आणि जलब्राह्मीही त्याच नावाने मिळते. औषधालयाच्या चालकांनी मागणीपत्रावर सेंटेला एशियाटिका की बॅकोपा मोनिएरी, हे स्पष्ट लिहावे, आणि माल उतरवून घेताना पान उघडून पाहावे : पहिलीचे गोलसर व दंतुर कडांचे, दुसरीचे लहान, मांसल व बिनदेठाचे.